कमाविसदारी हनुवटीचा एक्स-रे

चावलेल्या पेढ्यावर दातांच्या दोन खुणा राहतात, एक वरच्या दातांची आणि एक खालच्या. वरचे दात खालच्यांच्या पुढे असतात, त्यामुळे साधारण माणसाच्या पेढ्याची वरची बाजू जरा जास्त खाल्ली जाते आणि खालची जरा कमी. भार्गवच्या पेढ्यात नेमकं उलट होतं. खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा दोन मिलिमीटर जास्त खाल्लेली होती.

दोन मिलिमीटर हा आकडा मीराने, म्हणजे भार्गवच्या आईने, नुसत्या नजरेने ठरवलेला नव्हता. ती मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायची आणि तिच्या पर्समध्ये कंगवा आणि रुमाल यांच्या सोबतीला एक व्हर्नियर कॅलिपर असायचा. एका मापावर विसंबायचं नाही, तीन मापं घेऊन सरासरी काढायची, हा तिचा नियम. म्हणून तिने आठ वर्षांच्या भार्गवला आणखी दोन पेढे चावायला लावले. आईच्या विषयाबद्दल भार्गवला आदर वाटू लागला तो त्या संध्याकाळपासून.

पेढे दिवाकरच्या बढतीचे होते. छत्तीसगड राज्य होऊन सव्वा वर्ष झालं होतं. रायपूरला राजधानी आली होती, पाठोपाठ खुर्च्या आल्या होत्या, आणि खुर्च्यांच्या मानाने माणसं कमी पडल्यामुळे दिवाकर कमाविसदार हा गृहस्थ एका दुपारी अचानक अनुभाग अधिकारी झाला होता. गोल बाजारातून पेढे आणताना त्याची एवढीच अपेक्षा होती, की आज घरात थोडा वेळ आपल्याविषयी बोलणं होईल.

बोलणं त्याच्याविषयीच झालं, पण वेगळ्या अंगाने.

"हे पाहा," मीरा उष्टा पेढा पुढे करत म्हणाली.

"शिळा आहे काय?"

"नाही. उलटा चावलाय."

मग तिने मान वर करून नवऱ्याच्या हनुवटीकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या संसारात तिने त्या हनुवटीकडे इतक्या शास्त्रीय नजरेने कधी पाहिलं नव्हतं. दिवाकरने घाईघाईने तोंड मिटलं. पण तोंड मिटल्याने लपावी अशी ती वस्तू नव्हती.

कमाविसदारांची हनुवटी ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यात, सगळ्यांना ठाऊक होती. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून जो मूळ पुरुष इकडे आला, त्याने सोबत काय काय आणलं याबद्दल घरात दोन मतं होती; हनुवटी आणली याबद्दल एकच होतं. खालचा जबडा वरच्याच्या पुढे, आणि त्याच्या टोकाला चौकोनी, ठसठशीत हनुवटी. बैठकीच्या भिंतीवर पाच पिढ्यांचे फोटो ओळीने लावलेले होते आणि पाचही फोटोंतले पुरुष आपापली हनुवटी अशी पुढे काढून बसले होते, की जणू कॅमेऱ्यावर चाल करून जायचं आहे. ही घरची पद्धतच होती. फोटो काढायची वेळ आली, की घरातला वडील माणूस "हनुवटी!" असा इशारा द्यायचा आणि पुरुषमंडळी जबडे पुढे सरकवायची. सध्या इशारा देण्याचा मान दिवाकरच्या वडिलांकडे, नीलकंठरावांकडे होता. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती, पण घर अजूनही ते कचेरीसारखंच चालवत. घरातला कोणताही कागद, कोणताही बेत, कोणताही आजार आधी त्यांच्यासमोर जायचा; ते तो ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पाहू."

दिवाकरच्या शाळेत मात्र या हनुवटीला घराण्याचं तेज म्हणत नसत. तिथे त्याचं नाव 'ड्रॉवर' होतं, अर्धा उघडा राहिलेला. हे त्याने घरी कधीच सांगितलं नव्हतं. मीरालाही नाही.

समता कॉलनीतल्या दंतवैद्य शर्मिष्ठा दानी वयाने लहान आणि बोलण्यात मोकळ्या होत्या. त्यांनी भार्गवच्या तोंडात आरसा फिरवला आणि सांगितलं, की आज दोनच दात उलटे बसताहेत, पण खरा प्रश्न पुढचा आहे. डोक्याचा बाजूने एक्स-रे काढला, त्यावर काही रेषा आखल्या आणि त्यांच्यातले कोन मोजले, म्हणजे वरचा जबडा मागे पडणार आहे की खालचा धावत सुटणार आहे याचा अंदाज लहानपणीच बांधता येतो.

"मतलब भविष्य?" दिवाकरने विचारलं.

"अंदाज, भैया. मौसम जैसा. पर मौसम से थोड़ा ज़्यादा पक्का."

एक्स-रेच्या दिवशी मीराची शाळेत प्रॅक्टिकलची परीक्षा होती, म्हणून मुलाला घेऊन एकटा दिवाकर गेला. मशीन शहरात नवीनच आलं होतं आणि भैय्यालाल नावाचा तंत्रज्ञ ते नव्या नवरीसारखं जपायचा. त्याने भार्गवला उभं केलं, दोन्ही कानांत दोन दांडे अलगद बसवले, दिवाकरला बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "फोटो है बाबू, हिलना मत!" मग एक घरघर, आणि फोटो झाला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली, आखणी केली, आणि त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. कोन उणे पाच अंश आला होता. अधिक दोनच्या आसपास असावा लागतो.

"ये उम्मीद से ज़्यादा है. अभी पक्का नहीं कहूँगी. पापा की और दादाजी की भी फ़िल्म चाहिए, खानदानी चाल समझने के लिए. लेकिन अगर यही निकला तो चेहरे पर मास्क लगेगा, ऊपर का जबड़ा आगे खींचने वाला, रोज़ बारह-चौदह घंटे. और नौ साल के पहले शुरू करना होगा. वरना अठारह के बाद ऑपरेशन. जबड़ा काटकर पीछे करना पड़ता है."

भार्गवला नऊ पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते. दिवाकर घरी कसा आला ते त्याचं त्यालाच आठवेना. स्कूटर मात्र क्लिनिकसमोरच राहिली होती, यावरून तो चालत आला असावा.

नीलकंठरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. फिल्म खिडकीकडे धरून आपल्या नातवाची कवटी न्याहाळली आणि ते प्रसन्न झाले.

"पाहा, पाहा! हाडातच आहे! आणि हे कापाले सांगून राहिली ते पोट्टी?"

"आबा, कापायचं नाही. कापावं लागू नये म्हणून आत्ता मास्क लावायचा," मीरा म्हणाली.

"घोड्याले लावतात तसा? कमाविसदाराच्या पोट्ट्याच्या तोंडाले? काहून?" त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट आपल्या उशीखाली ठेवलं. "पाहू."

खोलीत आल्यावर दिवाकर मीराला म्हणाला, "तू सांग न आबांना समजावून. तुला कोन-बिन सगळं समजते."

"माझं तर ठरलंय. पहिल्याच पेढ्याला ठरलं," मीरा वह्या तपासता तपासता म्हणाली. "वडील तुमचे, हनुवटी तुमची, मुलगा तुमचा. आबांसमोर तुम्ही बोला. मी मापं पुरवते."

दिवाकरने जन्मात कधी शेवटचा शब्द उच्चारला नव्हता. सोळा वर्षांच्या नोकरीत त्याने हजारो फायलींवर 'अवलोकनार्थ प्रस्तुत' लिहिलं होतं, शेकडोंवर 'चर्चा करें', पण 'स्वीकृत' असा शब्द त्याच्या पेनातून कधी उतरला नव्हता. तो उतरवायला वर कोणीतरी असायचं. ऑफिसात वर साहेब होते, घरात वर आबा होते. अशा माणसाला संकटात एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे अर्ज. मुलावर दीर्घ उपचार करायची पूर्वानुमती मिळावी, असा अर्ज त्याने आपल्याच खात्यात केला. वरून परवानगी आलेली दाखवली, की आबा सरकारी कागदाचा मान राखतील, असा त्याचा हिशेब होता.

छापील फॉर्मवर अजून मध्यप्रदेश शासनच होतं. ते खोडून हाताने छत्तीसगड लिहायचं आणि खोडल्याबद्दल बाजूला सही करायची, असा तेव्हा प्रघात होता. दिवाकरने अकरा ठिकाणी खोडलं आणि अकरा सह्या केल्या. तरी फाइल चार दिवसांत परत आली. तिच्यावर शेरा होता: 'प्रकरण में बीमारी अभी हुई नहीं है. भविष्य में होने वाली बीमारी हेतु अनुमति का प्रावधान नियमों में नहीं है. बीमारी होने के पश्चात् पुनः आवेदन करें.'

"ग़लत क्या लिखा है?" आवक-जावक सांभाळणारे देवीदासजी म्हणाले. "कल को कोई बोलेगा, मुझे बीस साल बाद मोतियाबिंद होगा, अभी छुट्टी दो. चलेगा?"

दिवाकरने त्यांना समजावलं, की हे आनुवंशिक आहे, म्हणजे जवळजवळ झाल्यातच जमा आहे.

"आनुवंशिक? तो प्रमाण लगाइए." देवीदासजी खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दिवाकरची हनुवटी आधी डावीकडून, मग उजवीकडून पाहू लागले. तेवढ्यात अख्खा सेक्शन गोळा झाला. टायपिस्ट मुलीने जबडा आहे पण फार नाही, असं मत दिलं. चहावाल्याने फार आहे असं दिलं. मतमोजणी चालू असताना साहेब आत आले, त्यांनीही एकदा निरखून पाहिलं आणि ते केबिनमध्ये गेले. अनुभाग अधिकारी होऊन दिवाकरला तेव्हा नऊ दिवस झाले होते. नव्या पदाचा दरारा बसवायला साधारण पंधरवडा लागतो म्हणतात. त्याचे उरलेले सहा दिवस वाया गेले.

इकडे पाऱ्यात बातमी पोचली होती. शेजारच्या शारदाताईंनी ती पोचवायची जबाबदारी कोणी न सांगता उचलली होती. त्या रोज सकाळी येत, भार्गवचं तोंड उघडून पाहत आणि नवा उपाय ठेवून जात.

"मीरा, पोट्ट्याले उसाचं कांडं चघळाले दे. जबडा मागं जाते."

दुसऱ्या दिवशी, "ऊस बंद कर वं! जबडा अजून मजबूत होऊन राहिला असंन." मग झोपताना हनुवटीखालून डोक्यावर उपरणं बांधण्याचा उपाय आला. तसा बांधलेला भार्गव पाहून कामाला येणाऱ्या भीमाबाई दारातच थबकल्या, दोन्ही हात छातीवर ठेवून देवाचं नाव घेऊ लागल्या, आणि उपरण्यातून "बाई, मैं ज़िंदा हूँ" असा आवाज आल्यावरच आत आल्या. ते उपरणं मीराने त्याच क्षणी सोडून धुवायला टाकलं.

शारदाताईंचा सगळ्यात मोठा घाला त्या उपायांत नव्हता. भार्गवला पाहायला येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर त्या म्हणत, "दाखव रे बेटा, कसा होते जबडा." आणि भार्गव दाखवायचा. आधी लाजत, मग सवयीने, मग हौसेने. दिवसाला पाच-सहा प्रयोग होत. दिवाकर हे ओसरीवरून पाहायचा. आज पोट्टा हसत दाखवतो आहे. पुढे शाळेतली मुलं त्याला न विचारताच पाहतील.

एका रविवारी मीराने नीलकंठरावांच्या उशीखालून पाकीट मागून घेतलं. खिडकीच्या काचेवर फिल्म चिकटवली, वर ट्रेसिंग पेपर लावला, टोकदार पेन्सिल, स्केल, कोनमापक घेतलं आणि दोन तास रेषा आखत बसली. दिवाकर तिला चहा देऊन गेला, थंड झालेला परत घेऊन गेला. शेवटी तिने हाक मारली.

"डॉक्टरांचं मोजणं बरोबर आहे. उणे पाच."

दिवाकर खाटेवर बसला.

"पण फिल्मवर खालचे दात वरच्यांच्या साडेचार मिलिमीटर पुढे आहेत. पेढ्यात दोन होते. तिन्ही पेढ्यांत दोन."

"मग?"

"आठवड्याभरात अडीच मिलिमीटर जबडा कोणाचा वाढत नाही. दोघांतलं एक माप चुकीचं आहे. आणि पेढ्याला खोटं बोलायचं काही कारण नाही."

"एक्स-रेला तरी कुठे आहे?"

"तेच शोधायचंय," मीरा म्हणाली.

शोधायचं म्हणजे तिघांना क्लिनिकमध्ये न्यायचं. नीलकंठराव यायला तयार होतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पण डॉक्टरांना तुमचा एक्स-रे पाहायचा आहे, खानदानी चाल त्यावरूनच कळेल, असं मीराने नुसतं कानावर घातलं, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा कोट घालून तयार.

"असली माल पाहू दे तिले," ते म्हणाले. "मंग समजंन."

ऑटोरिक्षात तीन पिढ्या आणि एक कोनमापक असे समता कॉलनीत पोचले. शारदाताईही यायला निघाल्या होत्या. मीराने रिक्षात जागा नसल्याचं त्यांना दाखवलं.

भैय्यालालने आधी नीलकंठरावांना घेतलं. कानांत दांडे जाताच ते गरजले, "अबे, ह्या वयात कान टोचून राहिला काय?" भैय्यालालने समजूत काढली आणि तो जाड काचेमागच्या आपल्या जागी आला. आज मीरा तिथेच उभी होती. लांबून, गप्प उभी राहते म्हणाली, म्हणून त्याने तिला राहू दिलं होतं.

"बाबूजी, फोटो है. हिलना मत."

काचेपलीकडे नीलकंठरावांचा खालचा जबडा शिस्तीत पुढे सरकला आणि तिथे थांबला. डोळे करारी झाले. बैठकीच्या भिंतीवरचा सहावा फोटो तयार झाला. मीराने कपाळाला आठी घातली, पण पुढच्या मापाची वाट पाहिली. एका मापावर विसंबायचं नाही.

मग दिवाकर आत गेला. दांडे लागले. "भैया, फोटो है," भैय्यालाल म्हणाला, आणि दिवाकरला स्वतःला जाणवलं, की आपली हनुवटी कोणी न सांगता पुढे निघाली आहे. लहानपणी दहा वेळा, वीस वेळा, मुंजीत, लग्नात, सर्व्हिस बुकाच्या फोटोत, ओळखपत्राच्या फोटोत ती अशीच गेली होती. त्याने तिला मागे घ्यायचा प्रयत्न केला. ती येईना.

"थांबा!" काचेमागून मीराचा आवाज आला. भैय्यालालचा हात बटणावरून उडाला. मीरा दार उघडून आत आली. "तुम्ही हे काय करताय?"

"काय?"

"हनुवटी."

"फोटो आहे न," दिवाकर म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला.

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. तिथे भार्गव आपली पाळी कधी येते म्हणून डोकावत होता.

"बेटा, त्या दिवशी तू इथे उभा होतास, तेव्हा तूपण असंच केलं होतंस?"

"और क्या," भार्गव म्हणाला. असल्या प्रश्नाचं त्याला नवल वाटलं. "फोटो में तो ऐसे ही करते हैं ना मम्मी. अंकल ने बोला फोटो है. आबा ने तो मुझे बचपन से सिखाया है."

भैय्यालाल तिघांकडे पाहत राहिला. "अरे, तो बताना था ना! मैं समझा पूरी फ़ैमिली की बनावट ही ऐसी है."

डॉक्टर शर्मिष्ठांना हे सांगितलं, तेव्हा त्या आधी पोटभर हसल्या आणि मग खजील झाल्या. फिल्मवर मागच्या दाढा नीट मिटलेल्या नाहीत असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं, म्हणूनच त्यांनी पक्कं सांगितलं नव्हतं, पण मुलाने जाणूनबुजून जबडा पुढे धरला असेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात तसं कारण दिलेलं नाही. त्यांनी भार्गवला खुर्चीत टेकून बसवलं, जिभेचं टोक मागे टाळूला लावायला सांगितलं, आवंढा गिळायला सांगितला आणि मग हळू, अगदी हळू दात मिटायला सांगितले. वरचे दोन आणि खालचे दोन दात टोकाला टोक टेकले. क्षणभर तिथे थांबले. आणि मग खालचा जबडा अडथळा चुकवून पुढे घसरला.

"देखा?" डॉक्टर म्हणाल्या. "जबड़ा भाग नहीं रहा है. दाँत उसे रास्ता नहीं दे रहे."

एक्स-रे पुन्हा काढला. या वेळी भैय्यालालने 'फोटो' हा शब्द उच्चारायचा नाही असं त्याला चौघांनी बजावलं होतं. त्याने "बाबू, जीभ ऊपर, दाँत बंद, अब बस खड़े रहो" एवढंच म्हटलं आणि वाक्य संपताच बटण दाबलं.

फिल्म धुऊन येईपर्यंत सगळे बाकावर बसले. दिवाकरला वाटत होतं, की दहावीच्या निकालालाही एवढा वेळ लागला नव्हता. नीलकंठराव मात्र खुशीत होते, कारण त्यांची फिल्म तोवर दिव्यावर चढली होती आणि डॉक्टर ती निरखत होत्या. त्यांचा जबडा पुढे धरलेला असो वा नसो, पुढेच होता. डॉक्टरांनी विचारलं, की या फिल्मची एक कॉपी ठेवून घेऊ का, मुलांना शिकवायला कामी येईल.

"कॉलेजात?" नीलकंठरावांनी विचारलं.

"हाँ दादाजी. ऐसा केस किताब में भी कम मिलता है."

"ऐकलं काय दिवाकर? किताबात नाही!" ते कोटाची कॉलर सारखी करत म्हणाले. केस या शब्दाचा अर्थ त्यांना सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

मग भार्गवची ओली फिल्म आली. डॉक्टरांनी आखलं, मोजलं. मीराने परवानगी घेऊन स्वतःही मोजलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"एक," डॉक्टर म्हणाल्या. "प्लस एक डिग्री."

"मला पाऊण येतोय," मीरा म्हणाली. आणि एवढ्या मोजक्या बोलणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून दोन थेंब टपकन कोनमापकावर पडले. तिने ते पदराने पुसले आणि पुन्हा एकदा मोजलं. पाऊणच.

दिवाकरने भिंतीला डोकं टेकून एक लांब श्वास सोडला. महिनाभर छातीत अडकलेला श्वास होता तो. बाहेर पडताना त्याचा आवाज इतका मोठा झाला, की भैय्यालाल आतून पाणी घेऊन आला. मास्क नाही. ऑपरेशन नाही. अठराव्या वर्षी कोणी पोट्ट्याचा जबडा कापणार नाही. त्याला पेल्यातलं पाणी सांडेपर्यंत हसू आलं.

डॉक्टर पुढचं सांगत होत्या. वरच्या टाळूला बसणारी एक छोटी पट्टी करायची, तिला मागे बारीक स्प्रिंग असते, ती अडकलेले दोन दात पुढे ढकलते. चार-पाच महिन्यांत काम होईल. पण आताच केलं तर. तसंच सोडलं, तर जबडा रोज पुढे घसरत राहील, आणि आज जो नुसता घसरतो आहे तो दोन-तीन वर्षांत तिथेच वाढायला लागेल.

"मतलब हनुवटीत दोष नाही," नीलकंठरावांनी तेवढंच उचललं. "मी पहिल्या दिवसापासून काय सांगून राहिलो? हाड चांगलं आहे म्हणून! चला." ते उठले, काठी घेतली. "आता तार कशाले, पट्टी कशाले? एवढ्याशा पोराच्या टाळूले लोखंड! घरी जाऊ. मंग पाहू."

दिवाकरचं हसू जागच्या जागी थांबलं. वाईट बातमी होती तोवर निदान सगळे घाबरलेले होते. ही चांगली बातमी आली आणि तीच आता मुलाला क्लिनिकबाहेर घेऊन चालली होती. त्याने सवयीने मीराकडे पाहिलं. मीरा कोनमापक पर्समध्ये ठेवत होती आणि मुद्दाम वर पाहत नव्हती. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर भार्गवकडे वाकल्या होत्या.

"तुम बताओ भार्गव. दाँत तुम्हारे हैं. पट्टी लगाएँ?"

भार्गवने आबांच्या काठीकडे पाहिलं, आईच्या पर्सकडे पाहिलं. मग खांदे उडवले.

"पापा से पूछो."

खोलीत सगळे दिवाकरकडे वळले. भैय्यालालसुद्धा. आजवर त्याच्याकडे आलेली प्रत्येक फाइल खालून वर जायची होती. ही पहिलीच अशी होती, की जिच्यावर पुढे पाठवायला कोणाचंच नाव उरलं नव्हतं. त्याचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला आणि रिकामाच परत आला. इथे लिहायचं काही नव्हतं.

"आबा," तो म्हणाला. "शाळेत मला पोट्टे ड्रॉवर म्हणायचे. सहावीपासून अकरावीपर्यंत. रोज."

नीलकंठराव दारात वळले. त्यांच्या हातातली काठी जमिनीपासून चार बोटं वर तशीच राहिली.

"तू कधी बोलला नाही मले."

"बोलून काय झालं असतं? तुम्ही पाहू म्हणाले असते." एवढं बोलल्यावर त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, आणि वेगळंच हलकं वाटलं. नीलकंठरावांनी काठी खाली टेकवली. ते हळूच परत आले आणि बाकावर आपल्या जागी बसले.

दिवाकर डॉक्टरांकडे वळला.

"पट्टी लावायची. माप आजच घ्या. मी बाप आहे त्याचा, मी सांगतो."